तार कुठून न्यायची?

वायरमन शिडीवर होता. ड्रिल मशीनचं टोक सागवानी खांबाला टेकलेलं, बोट खटक्यावर. खाली उभ्या असलेल्या सुतार मिस्त्रींनी नुसतं "थांब रे" म्हटलं, तेही मोठ्यानं नाही. तो थांबला.

"मग तार कुठून न्यायची ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "भिंत फोडू नको म्हणता. खांबाला हात लावू नको म्हणता. तुळईला भोक पाडायचं नाही. आता काय हवेतून नेऊ?"

वाईत, कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या चौकात आम्ही उभे होतो. वाड्याचा धाकटा वारस होता, वास्तुरचनाकार होत्या, मिस्त्री होते, आणि ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या आत्या होत्या. वायरमनच्या प्रश्नाला त्या क्षणी कुणाकडेच उत्तर नव्हतं. आत्या तेवढ्या म्हणाल्या, "आधी त्याला खाली उतरवा आणि चहा द्या."

संपादकांनी या अंकासाठी 'आतली जागा' हा विषय सुचवला, तेव्हा मुंबईतल्या मोठ्या, नावाजलेल्या वास्तूंवर लिहायचं माझ्या मनात होतं. वाईचा वाडा वाटेत एक दिवस पाहून पुढं जाणार होते. त्या एका दिवसाचे चार झाले, आणि नंतर मी तिथं आणखी तीनदा गेले. जुनी वास्तू जपण्याविषयी आपण बोलतो तेव्हा नक्षीदार खांब, महिरपी, दर्शनी भाग यांविषयी बोलतो. पण माणसं आत राहणार असतील, तर त्या वास्तूचा स्वभाव टिकतो की जातो हे तार, नळ आणि मोरी कुठून नेली यावर ठरतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. नक्षीवर कुणी घाव घालत नाही. तिची सगळ्यांनाच भीड असते. घाव बसतो तो बिननक्षीच्या जागी, भिंतीच्या कोपऱ्यात, कडीपाटाच्या अंधारात.

खण

वाडा किती मोठा, याचं उत्तर तिथं कुणी चौरस फुटांत देत नाही. "माडी पाच खणी, ओसरी तीन खणी," मिस्त्री सांगतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, या वाड्यात साडेपाच फुटांच्या आसपास. लाकूड किती लांबीचं मिळतं आणि किती भार वाकल्याशिवाय पेलतं, यातून हे माप आलेलं आहे. जमिनीवर घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर घोडे, घोड्यांवर तुळई, तुळईवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीची भर, आणि त्या भरीवर वरच्या मजल्याची जमीन. खालून मान वर करून पाहिलं की दिसतो तो कडीपाट.

खांब जमिनीत पुरलेला नाही, दगडावर नुसता टेकवलेला आहे. त्यामुळे जमिनीची ओल त्याच्यात चढत नाही आणि वाळवीलाही दगड ओलांडून यावं लागतं. मजल्याचा भार मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर, आणि सांध्यांना थोडं हलायची मुभा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आत्या याच घरात होत्या. "सगळा वाडा करकरला," त्या म्हणाल्या. "बैलगाडी उतारावर निघाली की कशी करकरते, तसा. चौकातल्या भिंतीचा एक तुकडा आला खाली. खांब होते तिथंच."

ही रचना एकदा कळली की खोलीत काय ठेवायचं आणि काय नाही, हे बरंचसं तीच सांगू लागते. वारसदार नातवानं पुण्याहून एक मोठा पलंग आणला होता, सहा फूट रुंदीचा. साडेपाच फुटांच्या खणात तो मावेना. दोन खणांत आडवा घातला तर उशाशी बरोबर मधोमध खांब. पलंग महिनाभर चौकात प्लॅस्टिकखाली पडून होता. शेवटी मिस्त्रींनी खणाच्या मापाचे बसके दिवाण केले, पाच फुटी, बाजूला वावरायला जागा ठेवून. पलंग परत गेला.

बसके का, तेही पाहण्यासारखं आहे. या घरातल्या खिडक्यांचा तळ गुडघ्याच्याही खाली आहे. घर बांधलं तेव्हा माणसं जमिनीवर, गादीवर, लोडाला टेकून बसत. त्या उंचीवरून खिडकीतून घाट दिसतो, पिंपळ दिसतो, रस्त्यातून कोण गेलं ते दिसतं. तिथंच उंच खुर्ची ठेवली की डोळे खिडकीच्या वर जातात आणि समोर नुसती चौकटीची वरची पट्टी येते. मी दोन्ही करून पाहिलं. खुर्चीवर बसल्यावर ती खोली कोंदट वाटते, गादीवर बसल्यावर तीच खोली मोकळी होते. पण गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना जमिनीवर कसं बसवणार? म्हणून दिवाणाची उंची हातभर ठेवली. वास्तुरचनाकार बाई त्यासाठी फळीखाली विटा रचून तीनदा बसून उठल्या आणि मग मिस्त्रींना माप दिलं.

दिवाणखाना फोडून दोन खोल्या काढाव्यात, ही नातवाची दुसरी मागणी. हिशेबानं ती चुकीची नव्हती: चार खोल्या पाहुण्यांना दिल्या तरच छपराच्या दुरुस्तीचा खर्च निघणार. पण पाच खणांचा सलग दिवाणखाना हा या वाड्याचा श्वास आहे. तिथं भिंत घातली असती तर उरलेल्या वाड्याला अर्थ राहिला नसता, आणि बाईंनी तिथं नकार दिला तो मला पटला. त्याऐवजी माडीची मागची बाजू विभागली. आडभिंत नेमकी खांबांच्या रेषेवर, सागाच्या फळ्यांची, पाचरी मारून आवळलेली, खिळा नाही. ती कडीपाटाला टेकत नाही. वीतभर खाली थांबते आणि वरच्या फटीत काच आहे. त्यामुळे खोलीत उभं राहून वर पाहिलं तर कडीपाट काचेपलीकडे तसाच पुढं गेलेला दिसतो. उद्या कुणाला ही खोली नको झाली तर पाचरी काढायच्या, फळ्या उचलायच्या, खांबांवर ओरखडाही राहणार नाही.

लोणा

तळमजल्यावरच्या भिंतींची कथा वेगळी आहे. तीसेक वर्षांपूर्वी घरातल्या कर्त्या माणसानं, चांगल्या हेतूनंच, खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर तैलरंग दिला. 'पक्कं' काम. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड आले, मग पापुद्रे निघाले, मग आतून पांढरं पीठ झडू लागलं. भिंतीला लोणा लागला, असं आपण म्हणतो. प्रत्येक वेळी त्यावर आणखी सिमेंट लागलं.

जुनी भिंत पाया-जोत्यातून ओल थोडी थोडी वर घेतच असते. ती ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर जाते. चुना सच्छिद्र असतो, मऊ असतो, तो ओल अडवत नाही. सिमेंटचा दाट थर ती अडवतो. अडलेली ओल विटेतले आणि मातीतले क्षार विरघळवून घेते, जिथं वाट सापडेल तिथं सुकते, आणि सुकताना क्षारांचे स्फटिक विटेच्या आतच फुगतात. वीट आतून भुगा होते. गिलावा मात्र घट्ट राहतो, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. या वाड्यात सिमेंट उतरवलं तेव्हा काही विटा बोटानं खरवडल्या जात होत्या.

गवंडी वडगावकडचे होते, वडिलांबरोबर लहानपणी चुन्याचं काम केलेले, पुढची पंचवीस वर्षं सिमेंटवर काढलेले. त्यांना हे काम परत हातात आल्याचा आनंद लपवता येत नव्हता. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवायचा: पाणी उकळतं, वाफा निघतात, कळ्या फुटून लोणी होतं. मग ते खड्ड्यात, पाण्याखाली, आठवडेच्या आठवडे. जितकं मुरेल तितकं बरं. पूर्वी पुढची मळणी बैलाच्या घाणीत व्हायची, दगडी चाक गोल चरातून फिरायचं. आता मोटारीवरची घाणी आहे. त्यात वाळू आणि वीटभुकटी, आणि पाण्यात भिजवलेला गूळ, बेलफळाचा गर, हिरडा. ते सगळं पडतं तेव्हा कामाच्या जागेला काढा उकळत ठेवल्यासारखा वास येतो.

"सिमेंट दोन दिवसांत घट्ट," गवंडी म्हणाले. "ह्याला घाई केली की तडा." चुना सावकाश हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. भाजण्यापूर्वी जे होता तेच. त्यासाठी त्याला पातळ थरांत लावावं लागतं, ओल्या पोत्यांनी झाकावं लागतं, दोन थरांमध्ये दिवस द्यावे लागतात. ठेकेदाराचं वेळापत्रक आणि चुन्याचं वेळापत्रक यांची कुठंच गाठ पडत नाही. या घरात सिमेंट काढल्यावर भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या, नुसत्या सुकायला. नातू सांगत होता, ते चार महिने शेजाऱ्यांना वाटत होतं की पैसे संपले.

रंगाचं काय करायचं, हा प्रश्न चाकूनं सुटला. माजघराच्या दाराशेजारी, कुणाचा हात न लागणाऱ्या कोपऱ्यात, भिंतीवरचे थर एकामागून एक पायरीसारखे खरवडले. वरून हिरवा तैलरंग, त्याखाली पोपटी, त्याखाली निळीची छटा असलेली सफेदी, ती कितीदा कुणास ठाऊक, आणि अगदी तळाशी हातभर उंचीपर्यंत गेरूचा पट्टा. तो पट्टा आत्यांनाही माहीत नव्हता. आता माजघराला निळीची सफेदी आणि खाली गेरू आहे. खरवडलेली ती पायरी बाईंनी तशीच ठेवायला सांगितली, हातरुमालाएवढी.

मोरी

सगळ्यात मोठं भांडण मोरीवरून झालं.

वाड्यात न्हाणीघर परसात असे आणि संडास त्याच्याही पलीकडे. माडीवर पाणी नेण्याची कल्पनाच या रचनेत नाही. कडीपाटावर मातीची भर आहे आणि ती कोरडी असेपर्यंतच शहाणी आहे. तिच्यावर फरशी घालून, नळ आणून, कमोड बसवून न्हाणीघर केलं की आधी नुसत्या वजनानं तुळई वाकते. मग एखाद्या सांध्यातून थेंब थेंब पाणी मातीत मुरतं. माती ते धरून ठेवते. कडीचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं, तिथं हवा नाही, तिथं ते कुजायला लागतं. खालून काही दिसत नाही. एक दिवस कडी भिंतीतून सुटते. मिस्त्रींनी मला अशी एक कडी दाखवली, दुसऱ्या वाड्यातून आणलेली. मधे गज मारला तरी ठणठणीत, आणि शेवटचा हातभर भाग भिजलेल्या पावासारखा.

"पण पाहुण्यांना खोलीतच बाथरूम लागतं," नातू म्हणत होता. "नसेल तर येणारच नाहीत. मग हे सगळं करून काय उपयोग?"

"येतील," आत्या म्हणाल्या. "घाटावर जाऊन अंघोळ करतात ना लोक, पैसे खर्चून?"

तोडगा निघायला सहा आठवडे लागले. वाड्याचा मागचा चौक बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पडला होता. नुसतं जोतं उरलं होतं. चारही न्हाणीघरं त्या जोत्यावर, नव्या, साध्या, दोन मजली बांधकामात घातली. ते वाड्याला लागून उभं आहे, पण वाड्यावर टेकलेलं नाही. मध्ये बोटभर फट आहे आणि वरून पन्हाळ. खालच्या दोन खोल्यांना ती सलग मिळाली. माडीवरच्या दोन खोल्यांतल्या पाहुण्याला मात्र सज्जातून पंधरा पावलं चालावं लागतं. सज्जाला छप्पर आहे, रात्री पायाशी दिवा आहे. मी तिथं झोपले होते. पहाटे तीनला ती पंधरा पावलं चालताना चौकातल्या तुळशीजवळ मांजर बसलेली दिसली आणि वर आकाशाचा चौकोन. हे गैरसोयीचं आहे, यात शंका नाही. पण ही गैरसोय नको म्हणून ज्या वाड्यांत माडीवर टाइल्स चढल्या, ते मी पाहिले आहेत, त्यांचे खाली वाकलेले कडीपाट आणि लोखंडी टेकू पाहिले आहेत. पंधरा पावलं परवडतात.

पेशव्यांचा महाल, टपालाची खिडकी

वाईहून मी पुण्याला आले ती विश्रामबागवाड्यात जाण्यासाठी. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा महाल. इंग्रजी अमलात, १८२१ साली, तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीच पुढं डेक्कन कॉलेज झाली. नंतर शाळा आली, १८७९ साली मोठी आग लागली, विसाव्या शतकात महापालिकेची कचेरी बसली. रस्त्याच्या बाजूला टपाल कार्यालय आहे, सुरूच्या झाडांच्या आकाराचे कोरीव खांब आहेत, माडीवर दालनं आहेत. एकाच कडीपाटाखाली पेशवे, विद्यार्थी, कारकून आणि पोस्टमन असे सगळे बसून गेले आहेत.

त्या दालनातून फिरताना माझ्या मनातली एक गाठ सुटली. 'मूळ रूप' असं आपण म्हणतो ते नेमकं कुठल्या दिवसाचं? वाडा दर पिढीला आतून बदलत आलेला आहे. प्रश्न बदल करायचा की नाही हा नसतोच. आधीच्या माणसांनी केलेले बदल अनेकदा उचलून नेता येतील असे होते: पडदे, बैठका, कपाटं, बाकं. आपल्या काळातले बदल काँक्रीटचे असतात, ते परत घेता येत नाहीत. मुंबईच्या काळा घोडा भागातल्या डेव्हिड ससून वाचनालयावर गेल्या शतकात काँक्रीटचा सपाट स्लॅब चढला होता. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवावं लागलं. एक पिढी जे काही दिवसांत ओतते, ते काढायला दुसऱ्या पिढीला वर्षं घालवावी लागतात.

भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे आतली जागा परत कशी उभी करावी याचं मी पाहिलेलं सर्वोत्तम उदाहरण. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं. त्याच्या उभारणीसाठी धडपडलेल्या भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ साली मिळालं. पुढं त्याची रया गेली. २००३ साली मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन काम हाती घेतलं, जीर्णोद्धाराची धुरा वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्याकडे होती. २००५ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २००८ साली संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवरचा हिरवा रंग आणि सोनेरी वर्ख, पायाखालच्या मिंटन टाइल्स पाहत राहिले. दुसऱ्यांदा गेले ती मुद्दाम दिवे आणि तारा शोधायला, आणि त्या शोधाव्या लागल्या, हेच मला सांगायचं आहे. तिथली लाकूड-काचेची कपाटं हा नुसता संग्रह ठेवण्याचा सरंजाम नाही. खांबांची लय आणि कपाटांची लय एक आहे. ती काढून गुळगुळीत पांढरे पॅनेल उभे केले असते तर दालन उरलं असतं, संग्रहालय गेलं असतं.

कायदा इथं काही प्रमाणात हात देतो. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत बाहेरून वा आतून, बळकटीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच हस्तक्षेप. दुसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना छाननी करून मुभा. तिसरीत ती आणखी सैल. म्हणजे बहुसंख्य वास्तूंचं अंतरंग शेवटी मालकाच्या आणि त्याच्या कारागिरांच्या समजुतीवरच सोडलेलं आहे. वाईच्या त्या वाड्यासारख्या घरांत तर कुठलाही कागद दाराशी उभा नसतो. मिस्त्रींचं "थांब रे" एवढंच असतं.

पणजीत जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मी एका डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनं पाहिली होती. पोर्तुगीज काळची उंच दालनं, आणि त्यांत भिंतींपासून सुट्या उभ्या केलेल्या चौकटी, त्यांनाच दिवे, त्यांतूनच तारा. महोत्सव संपला की सगळं उचलायचं. तेव्हा मला ते तात्पुरतं आणि म्हणून थोडं कच्चं वाटलं होतं. वाईनंतर ते आठवलं आणि मत बदललं.

बाळंतिणीची खोली

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला, ती सांगते.

माजघराच्या मागे एक लहान खोली आहे. दोन खणांची, एक दार, खिडकी नाही. एक देवळी, पणती ठेवण्यापुरती. ती बाळंतिणीची खोली. शेक, धुरी, वारा लागू द्यायचा नाही, म्हणून खिडकी नाही. वास्तुरचनाकार बाईंच्या पहिल्या आराखड्यात ती जशीच्या तशी होती: मंद दिवा, जुना पाळणा टांगलेला, पाहुण्यांनी पाहावी अशी. कागदावर फार सुंदर दिसत होतं. मलाही आवडलं.

आराखडा आत्यांना दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी दोन्ही बाळंतपणं त्या खोलीत झाली. दुसरं राहिलं नाही. उन्हाळा होता. धुरानं मला दिसत नव्हतं, आणि दिवस की रात्र ते कळत नव्हतं. तुम्ही सगळं जपा. पण तिथं आधी खिडकी पाडा."

वाड्याचा स्वभाव, म्हणून मी जे चार दिवस वहीत उतरवत होते, त्यात ही खोलीही होतीच की. थंडावा, मंद उजेड, जाड भिंती हे जसं त्या रचनेचं देणं आहे, तसंच कोण कुठपर्यंत येऊ शकतं, कोणाला उजेड मिळतो, कोणी धुरात बसायचं, हेही त्याच भिंतींनी ठरवलेलं होतं. दिवाणखान्याला घाटाकडे सात खिडक्या आणि या खोलीला एकही नाही. जपणाऱ्यानं हे सगळंच जपायचं असतं, असं मला वाटत नाही. आणि ते कुठं थांबवायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या खोलीत राहिलेल्या माणसाचा पहिला.

बाईंनी आराखडा गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी नवा आणला. मागच्या भिंतीत एक खिडकी, जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे गादीवर पडलेल्या माणसाला बाहेर दिसेल अशी. जिथं भिंतीत आधीच देवळी होती, तिथंच ती पाडली, म्हणजे कमीत कमी वीट हलली. चौकट नव्या सागाची. मिस्त्री विचारत होते, बाकीच्या खिडक्यांसारखी गणेशपट्टी, वेलबुट्टी कोरू का, चार दिवसांचं काम आहे. बाईंनी नको म्हटलं. साधी सरळ चौकट, कोपरे नेटके, वर फक्त वर्ष कोरायचं. पन्नास वर्षांनी कुणी पाहिलं तर ही खिडकी पेशवाईतली नाही, आपल्यातल्या कुणीतरी पाडली, हे त्याला फसवणूक न होता कळलं पाहिजे. मिस्त्रींना ते आधी रुचलं नाही. नक्षी येत असताना न करणं त्यांना कामचुकारपणा वाटत होता. पण ती साधी चौकट त्यांनी इतकी नेमकी बसवली की सांध्यात नख जात नाही.

वायरमन परत येतो

तारेचं उत्तर त्या वायरमननंच काढलं.

तो पंधरा दिवसांनी आला. मधल्या काळात गावातल्या आणखी दोन वाड्यांत जाऊन पाहून आला होता. "माझ्या वडिलांनी लाकडी पट्टीवरून वायरिंग केलेलं अजून चालू आहे एका घरात," तो म्हणाला. लाकडाच्या पट्टीवर क्लिपा मारून उघडी नेलेली तार. आम्ही सगळे ती गरिबीची खूण समजून आलो आहोत. पैसे आले की भिंत फोडून तार आत, असा क्रम. पण लाकडी घरात उघडी तार जास्त सुरक्षित, हे त्याचं म्हणणं होतं, कारण उंदरानं कुरतडली किंवा तापून काळी पडली तर दिसते. कोंडलेली तार लाकडाच्या पोटात काय करते आहे, ते आग लागल्यावरच कळतं.

मग त्यानं आणि मिस्त्रींनी मिळून वाट आखली. दोन कड्यांमधल्या पोकळीतून, कड्यांच्याच दिशेनं, म्हणजे खालून चालणाऱ्याच्या नजरेला ती येत नाही. भिंतीवर जिथं उतरायचं तिथं क्लिप विटेत नाही आणि लाकडात नाही, दोन विटांच्या सांध्यातल्या चुन्यात. सांधा पुन्हा चुन्यानं भरता येतो, फुटलेली वीट परत येत नाही. खांबावरून खाली आणायची तिथं पितळेची अरुंद पट्टी खांबाभोवती आवळायची, कंबरपट्ट्यासारखी, आणि तार तिला बांधायची. आग न पसरवणाऱ्या आवरणाची तांब्याची तार, प्रत्येक खोलीला वेगळा ट्रिपर. कडीपाटाची उंची जेमतेम आठ फूट असल्यानं छताला पंखा कुठंच नाही, भिंतीलगत उभे पंखे आहेत. दिवे सगळे बसत्या माणसाच्या उंचीला, देवळ्यांत आणि कोनाड्यांत, वरच्या लाकडावर त्यांचा उजेड फक्त चढत जातो. पहिल्या संध्याकाळी दिवे लावले तेव्हा मी चौकात होते. वायरमन एकेका खोलीत जाऊन बटण दाबत होता आणि बाहेर येऊन कडीपाटाकडे बघत होता. एका जागी तार कडीच्या कडेनं किंचित झुकलेली त्याला दिसली. शिडी परत लागली.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा नातवाचं पहिलं पाहुण्यांचं कुटुंब माडीवर राहून गेलं होतं आणि आत्यांनी आपलं अंथरूण माजघरातून उचलून मागच्या खोलीत नेलं होतं. पाळणा माळ्यावर गेला होता. सकाळची उन्हं नव्या चौकटीतून जमिनीवर आडवी पडली होती, आणि बाहेर परसात गवंडी उरलेला चुना झाकून ठेवत होते. मिस्त्री झडपेला कडी बसवायला आले होते. त्यांनी वाड्यातल्या बाकीच्या खिडक्यांचं माप घेऊन ठेवलं होतं, त्याच उंचीवर खूण केली आणि सामता उचलला.

"मिस्त्री," आत्या गादीवरून म्हणाल्या, "कडी जरा खाली घ्या. निजल्या निजल्या माझा हात पुरला पाहिजे."

मिस्त्रींनी खूण पुसली, आत्यांना हात वर करायला सांगितलं, आणि जिथं बोटं टेकली तिथं पेन्सिलनं नवी केली.